घरच्या घरी दहा मीटर: आधी भिंत, मग एअरगन

काडतुसं घरी भरता येतील का, असा प्रश्न हल्ली वरचेवर कानावर येतो. अमेरिकेतले व्हिडिओ मोबाइलवर दिसतात. कुणी टेबलावर छोटा प्रेस बसवून रिकामी पुंगळी पुन्हा भरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, आपल्याकडे बारा बोरचं लायसन आहेच, मग काय हरकत? हरकत आहे. आपल्याकडे आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चं कलम ५ दारूगोळा बनवण्यासाठी वेगळा परवाना मागतं. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस भरण्याचा परवाना नव्हे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनाची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. त्यामुळे तो विषय घरात आणूच नये. काडतूस लागलं तर परवान्यावर, दुकानातून, पावतीसह.

पण नेमबाजीची ओढ खरी असेल, छर्रा निवडण्यापासून कागदावर भोक पडेपर्यंत सगळं आपल्या हातानं करायचं असेल, तर त्याची एक वाट कायद्यात बसते आणि घरात मावते. ४.५ मिमीची एअरगन आणि दहा मीटरची रेंज. अभिनव बिंद्रानं २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक जिंकलं ते याच अंतरावर, याच मापाच्या छर्‍यानं. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत लांबट घरं, खळी, शेतातल्या शेड यांना तोटा नाही. दहा मीटर सरळ जागा बहुतेकांना सापडते. चुकतं ते क्रमात. माणूस आधी एअरगन घेतो आणि संध्याकाळी ओट्यावर बसून भिंतीवरच्या डब्यावर छर्रे सोडतो. अहिराणीत सांगायचं तर पहिले भीत, मंग बंदूक. छर्रा थांबवणारी जागा तयार नसेल तर एअरगन घरात आणू नये.

कायद्याची रेघ कुठे आहे

आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे नळीचं माप ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिमीच्या आत आणि छर्‍याची ऊर्जा २० जूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. दोन्हींतलं एक जरी ओलांडलं तरी लागतो. ०.२२ ची एअरगन म्हणूनच या लेखात नाही.

ऊर्जेचा हिशेब घरी करता येतो. छर्‍याचं वजन किलोमध्ये घ्यायचं, वेग मीटर प्रति सेकंदात घेऊन त्याचा वर्ग करायचा, दोन्हींचा गुणाकार करून निम्मा करायचा. ०.५३ ग्रॅमचा मॅचचा, म्हणजे स्पर्धेचा, छर्रा १७० मीटर वेगानं सुटला तर साधारण ७.७ जूल होतात. स्पर्धेच्या रायफली याच पट्ट्यात असतात. तोच छर्रा २७४ मीटर, म्हणजे सुमारे ९०० फूट वेगानं गेला की २० जूलची रेघ आली. खोक्यावर १,००० फूट छापलेलं असेल तर तो आकडा कुठल्या वजनाच्या छर्‍यावर मोजलाय ते विचारा, आणि २० जूलच्या आत असल्याचं पावतीवर लिहून घ्या. ही पावती जन्मभर जपायची. स्प्रिंग बदलून ‘पॉवर वाढवून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात आपली एअरगन कधी देऊ नये. ऊर्जा रेघेपलीकडे गेली की घरात विनापरवाना हत्यार आहे. शिवाय दहा मीटरवर जास्त जोराचा काडीचाही उपयोग नाही. जोर जितका जास्त तितका धक्का जास्त आणि नेम तितका वाईट.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी. एअरगनला परवाना लागत नाही याचा अर्थ तिनं पाखरं मारावीत असा होत नाही. मोर, तितर, ससा, छपरावर उड्या मारणारी वानरं, सगळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली आहेत. केळीत वानरं शिरतात हे खरं आहे, आणि त्यांना हाकलायला छर्रा मारणं हा गुन्हा आहे हेही तितकंच खरं. छर्‍यानं वानर मरत नाही, सडत राहतं. गल्लीतल्या कुत्र्याचंही तेच. नेम फक्त कागदावर.

जागा निवडताना

नेमबाजाच्या पायापासून कागदापर्यंत १० मीटर, मागे उभं राहायला दीड मीटर, कागदामागे छर्रा थांबवणारी पेटी आणि पडदा यांना एक मीटर. म्हणजे साडेबारा मीटर, एक्केचाळीस फूट. जुन्या घरात ओसरीपासून परसदारापर्यंत एवढी लांबी बऱ्याचदा निघते. अशा घरात धोका मधल्या खोलीचा असतो. नेमाच्या रेषेला बाजूनं उघडणारं एकही दार कडी न लावता ठेवायचं नाही. आणि कडी त्या खोलीच्या आतून नको, आपल्या बाजूनं हवी. आत झोपलेलं पोर उठून बाहेर येतं, त्याला काय माहीत रेंज चालू आहे. परसदार कागदाच्या मागे येत असेल तर त्याला कुलूप लावा आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा.

शेतातली शेड चालते, पण पत्र्याची भिंत ही भिंत नव्हे. पातळ पत्रा जवळून मारलेला छर्रा अडवेलच असं नाही, आणि तिरका लागला तर छर्रा कुठेही उडतो. मोकळ्या गच्चीवर रेंज नको. कठड्यावरून गेलेला छर्रा दोन-तीनशे मीटर जाऊ शकतो आणि तिथे कुणाचा डोळा असेल ते आपल्याला दिसत नाही.

आता खान्देशातल्या शेतकऱ्याला हमखास सुचणारी गोष्ट. कडब्याची गंजी. मऊ, जाड, फुकट, छर्रा आत जाऊन गडप. हे कधी करू नका. छर्रा शिशाचा असतो. तो कडब्यात राहतो, कडबा कुट्टी यंत्रात जातो, कुट्टी गव्हाणीत. शिसं गुरांना विषारी आहे. सरकी-ढेपेच्या पोत्यांचंही तेच. उकिरड्याकडे तोंड करून मारणंही नको, कारण तिथे कोंबड्या उकरतात. कोंबडीला दाणे दळायला पोटात बारीक खडे लागतात. करड्या रंगाचा, बाजरीच्या दाण्याहून थोडा मोठा छर्रा तिला खडाच वाटतो. तो तिच्या पोटात दिवसरात्र घासला जातो आणि शिसं रक्तात उतरत राहतं. ती कोंबडी आणि तिची अंडी, दोन्ही घरात खाल्ली जातात.

पेटी

छर्रा थांबवायला कठीण वस्तू लागते ही पहिली समजूत सोडून द्यायची. कठीण वस्तू छर्रा थांबवत नाही, परत पाठवते. विटांची भिंत, फरशी, सपाट उभी लोखंडी प्लेट यांवर लागलेल्या छर्‍याचा तुकडा दहा मीटर मागे येऊन नेमबाजाच्या तोंडावर लागतो. छर्‍याचा जोर आधी मऊ वस्तूत जिरला पाहिजे. लोखंड फक्त शेवटचा पहारेकरी.

सुताराकडून १८ मिमी प्लायची पेटी करून घ्या. आतून रुंदी ४५ सेंमी, उंची ४५, खोली ३५, एक बाजू उघडी. फॅब्रिकेशनवाल्याकडून ४ मिमी जाडीची ४५ बाय ४५ ची एमएस, म्हणजे साध्या लोखंडाची, प्लेट कापून घ्या. तिचं वजन साडेसहा किलोच्या आसपास भरतं. कडा ग्राइंडरनं मोडून घ्यायला सांगा, नाहीतर बोटं कापतील. प्लेट पेटीच्या पाठीला आतून, चारही कोपऱ्यांत नटबोल्टनं. खिळ्यांवर भरवसा नको.

पुढची ३० सेंमी जागा जुन्या कपड्यांनी भरायची. सुती साड्या, धोतरं, चादरी, सतरंजी यांच्या घड्या घालून, पायानं दाबून, उभ्या थरांत. पंधरा किलोच्या आसपास कपडा सहज बसतो. भरण्याआधी प्रत्येक कपड्याची बटणं, हुक, चेन, नाड्यांची टोकं कापून काढा. पँटचं एक लोखंडी बटण छर्रा परत फिरवायला पुरेसं असतं. कपडा सैल राहिला तर छर्रा वाट काढत प्लेटवर आपटतो. मूठ मारून बघावी. मूठ आत बुडता कामा नये आणि दगडही लागता कामा नये. तोंडावर केळीच्या पुठ्ठ्याच्या खोक्याचे दोन थर ठोकून झाकण करायचं. कागद त्यावर लागतो.

कपड्यांऐवजी वाळू वापरायची असेल तर चालते, पण गिरणेची असो की तापीची, नदीच्या वाळूत खडे असतातच. बारीक चाळणीतून, गिलाव्याला चाळतो तशी चाळून घ्या. ४५ सेंमी पेटीत वाळू शंभर किलोच्या आसपास जाते, म्हणजे स्टँड तितका दणकट हवा आणि पेटी एकदा ठेवली की ठेवलीच. भाड्याच्या घरात कपडाच बरा.

नेमबाज नवा असला की छर्रा पेटीबाहेर जातो, हे गृहीतच धरायचं. म्हणून पेटीच्या मागे ४ बाय ४ फुटांची १८ मिमी प्लायची फळी आणि तिच्यापुढे चार बोटं अंतर सोडून जाड सतरंजी किंवा जिनिंगमधला जुना पट्टा मोकळा लटकवायचा. मोकळा हा शब्द महत्त्वाचा. लटकती वस्तू मागे सरकते आणि छर्रा तिथेच खाली गळून पडतो. फळीला चिकटून ठोकलेली सतरंजी तसं करू शकत नाही. खाली ताडपत्री अंथरा, पडलेले छर्रे वेचायला बरं.

पेटी अशी ठेवा की कागदाचा मध्य उभ्या जागेच्या जमिनीपासून १ मीटर ४० सेंमीवर येईल. आंतरराष्ट्रीय नियमातही हीच उंची आहे. सुरुवात टेकून, बसून करणाऱ्यांनी पेटी टेबलाच्या उंचीला आणावी, नाहीतर नळी वर तोंड करून राहते आणि चुकलेला छर्रा पेटीवरून जातो.

आता चाचणी. घरात दुसरं कुणी नको. डोळ्याला पॉलीकार्बोनेटचा चष्मा. नंबरचा काचेचा चष्मा संरक्षण देत नाही, उलट फुटून डोळ्यात जातो. दहा मीटरवरून, टेकून, पेटीच्या मधोमध वीस छर्रे मारा. मग पेटी उघडून बघा छर्रे किती खोल गेलेत. पहिल्या पंधरा सेंमीत सगळे सापडले तर काम पक्कं. प्लेटवर चकचकीत ठिपका दिसला तर कपडा सैल आहे, पुन्हा भरा. दर पाचशे छर्‍यांनंतर पेटी उघडायची, कारण सगळे छर्रे एकाच जागी जाऊन कपड्यात बोगदा पाडतात. नेम सुधारला की बोगदा लवकर पडतो.

कोणती एअरगन

नव्या माणसासाठी नळी बिजागरीवर मोडून, म्हणजे खाली वाकवून, ताणायची स्प्रिंगची एअरगन. स्वस्त, साधी, सिलिंडरची भानगड नाही. तिचा सगळ्यात मोठा धोका चापापेक्षा बिजागरीत आहे. नळी मोडलेली असताना चाप दबला तर नळी ताकदीनं वर आपटते आणि छर्रा बसवणारा अंगठा मध्ये चिरडतो. म्हणून छर्रा घालताना डाव्या हातानं नळी घट्ट धरून ठेवायची, नळी मिटेपर्यंत सोडायची नाही. सेफ्टी असली तरीही.

छर्‍याशिवाय ही एअरगन उडवू नये. पुढे अडणारा छर्रा नसला की हवेची गादी तयार होत नाही, पिस्टन थेट टोकाला आदळतो, सील फाटतं, स्प्रिंग मोडते. ताणून ठेवून जेवायला जाऊ नये. स्प्रिंग थकते आणि घरात भरलेली बंदूक राहते. ताणली की मारायची.

तेलाच्या बाबतीत हौस फार नडते. हवेच्या भोकात शिलाई मशीनचं तेल, खोबरेल, ग्रीस काहीही घातलं जातं. पिस्टननं हवा दाबली की ती क्षणभर प्रचंड तापते, डिझेल इंजिनात तापते तशी, आणि तेल पेटतं. धूर निघतो, आवाज दणक्याचा येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, एअरगनमध्ये जोर आला. प्रत्यक्षात सील जळत असतं, आणि कुठला छर्रा किती जोरात जाईल याचा भरवसा राहत नाही. आत लागलंच तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब, तोही वर्षा-सहामाहीत. बाहेरून मात्र हलक्या तेलाचा हात प्रत्येक वेळी फिरवा. मे महिन्यात हाताला घाम असतो आणि काळ्या नळीवर बोटांच्या ठशांचा गंज दोन दिवसांत उठतो.

पुढे मॅचची पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी, रायफल घ्यायची वेळ आली तर दोन गोष्टी गाठीला बांधा. तिच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाब असतो. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आठ-दहा बारच्या पुढे जात नाही, त्याचा इथे उपयोग नाही. मग कुणाला वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजनचा सिलिंडर आठवतो. तो जवळपास आहे, दाब आहे, नळीही जोडता येते. ऑक्सिजन कधीही भरू नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेलाचा लवलेश एकत्र आला की ठिणगी न लागता स्फोट होतो. फक्त कोरडी, गाळलेली हवा, तीही या कामासाठी केलेल्या पंपानं किंवा स्कूबा सिलिंडरमधून, सावकाश. दुसरी गोष्ट भुसावळच्या उन्हाची. २५ अंशाला २०० बार भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६० अंशाला तापला की २२० बारच्या वर जातो. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या दुपारी उभ्या गाडीत ६० अंश सहज होतात. सिलिंडर गाडीत ठेवायचा नाही, आणि त्यावर छापलेली तारीख बघायची. मॅच रायफलच्या सिलिंडरचं आयुष्य कंपन्या दहा वर्षंच धरतात.

दुर्बीण सुरुवातीला नको. स्प्रिंगच्या एअरगनचा धक्का आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी असतो. शिकारी रायफलीची महागडी दुर्बीणही त्यात ढिली होते. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची साइट, या नेम धरायच्या दोन खुणांवर हात बसू द्या.

छर्रे

कागदासाठी सपाट तोंडाचे शिशाचे छर्रे. ते कागदावर पंचनं पाडल्यासारखं गोल भोक करतात, गुण मोजायला सोपं. टोकदार छर्रे कागद फाडतात. पोलादी गोळ्या घरात आणूच नका. त्या मऊ नसतात, चपट्या होत नाहीत, जशाच्या तशा परत येतात. शिवाय नळीतले आटे, म्हणजे छर्रा फिरवणाऱ्या खाचा, खराब होतात ते वेगळं.

नवा डबा उघडला की पांढऱ्या कागदावर थोडे छर्रे पसरून भिंग घ्या. छर्‍याचं डोकं भरीव असतं आणि मागचा घेर पोकळ, पातळ, परकरासारखा. दुखणं त्या घेरात असतं. डबा पडला, प्रवासात आदळला की घेराची कड कुठेतरी आत दबते, चंद्रकोरीसारखी. अशा छर्‍यामागची हवा एका बाजूनं निसटते आणि छर्रा नळीतून बाहेर पडतानाच वाकडा होतो. काचेच्या तुकड्यावर छर्रा हलक्या बोटानं घरंगळवा. चांगला छर्रा एका टोकाभोवती गोल फिरतो, दबलेला मध्येच लंगडतो. लंगडणारे बाजूला काढा, ते नळी गरम करायला म्हणजे पहिल्या चार-पाच फैरींना चालतात. पांढरी भुकटी चढलेले छर्रे मात्र टाकून द्या. ते ऑक्सिडीकरण झालेलं शिसं आहे, हाताला आणि श्वासाला वाईट.

जळगावच्या सराफ बाजारामुळे आपल्याकडे मिलिग्रॅमचा काटा मिळणं अवघड नाही, म्हणून छर्रे वजनावर निवडायचा मोह होतो. करून बघायला हरकत नाही, पण नवशिक्यानं त्यात संध्याकाळी घालवू नयेत. ०.५३ ग्रॅममधला शतांश ग्रॅमचा फरक दहा मीटरवर हाताच्या थरथरीपुढे दिसतही नाही. डोक्याचं माप जास्त महत्त्वाचं. डब्यावर ४.४९, ४.५० असं लिहिलेलं असतं. दोन-तीन मापांचे डबे घ्या, टेकून प्रत्येकाचे दहा-दहा छर्रे मारा, ज्याची भोकं सगळ्यात जवळ पडतील ते आपल्या नळीचं माप. शेजाऱ्याच्या नळीचं माप वेगळं निघेल.

छर्रा तोंडात धरायची सवय अनेकांना असते, एक हात मोकळा राहतो म्हणून. ही सवय आजच मोडा. छर्रे बशीत ठेवा. रेंजवर चहा नाही, तंबाखू नाही, बिस्किटाचा पुडा नाही. उठल्यावर हात साबणानं, गार पाण्यानं धुवायचे. रेंजची जमीन झाडायची नाही, कारण झाडूनं शिशाची धूळ हवेत उडते. ओल्या फडक्यानं पुसायची. ते फडकं घरात वापरायचं नाही. पेटीतून निघालेलं शिसं झाकणाच्या डब्यात साठवा आणि भरल्यावर भंगारवाल्याकडे द्या, घरच्या चुलीवर वितळवू नका. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसं थोडंसुद्धा अपाय करतं. म्हणून रेंजवरचे कपडे वेगळे धुवा.

कागद आणि उजेड

दहा मीटर रायफलच्या कागदावर एकूण वर्तुळ ४५.५ मिमीचं, त्यातला काळा भाग ३०.५ मिमीचा आणि दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. झेरॉक्सवाल्याकडून साध्या कागदावर काढलं तर भोकं फाटतात. २०० जीएसएमच्या वरचा कार्डपेपर द्या आणि छापल्यावर पट्टीनं काळा भाग मोजा, कारण ‘पानात बसव’ हे बटण दाबलेलं असलं तर माप बदलतं. सुरुवातीला पिस्तुलाचा कागद वापरा, त्याचा काळा भाग ५९.५ मिमीचा असतो. मन खचत नाही.

उजेड कागदावर जास्त, नेमबाजाकडे कमी. नियमात कागदावर किमान १,५०० लक्स मागितलेत. अरुंद झोताचा वीस वॉटचा एक एलईडी फोकस कागदापासून दीड मीटरवर, बाजूनं आणि वरून, पुठ्ठ्याची आड करून लावला की काम भागतं. दाराचं ऊन कागदावर आलं की माशी चकाकते आणि सकाळ-संध्याकाळचा नेम वेगवेगळा पडतो. उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ हीच वेळ. घामानं निसटणारा गाल दस्त्यावर रोज वेगळ्या जागी बसतो, आणि गालाची जागा बदलली की नेम बदलला.

पहिले पंधरा दिवस

नळीचं तोंड कायम पेटीकडे. बोट नेम धरेपर्यंत चापाबाहेर. कुणीही रेषेपुढे जाणार असेल तर एअरगन उघडून, रिकामी, टेबलावर, आणि सगळ्यांचे हात तिच्यापासून लांब. यात घरातल्या थोरल्यांनाही सूट नाही. आबा कागद बघायला निघाले तरी आधी बंदूक उघडायची.

टेबलावर बसा. ज्वारी भरलेली कापडी पिशवी पुढे ठेवा आणि डावा तळवा तिच्यावर ठेवून त्या तळव्यावर दस्त्याचा पुढचा भाग टेकवा. थेट टेबलाच्या कडेवर टेकवलेली स्प्रिंगची एअरगन उसळी घेते आणि छर्रा वर जातो. मूठ आवळायची नाही. कडेवर झोप लागलेलं बाळ धरतो तशी धरायची, म्हणजे पडणार नाही आणि जागंही होणार नाही. एअरगनला दरवेळी सारख्याच सैलपणे मागे येऊ दिलं की छर्रे एकत्र पडतात. घट्ट धरली की प्रत्येक वेळचा जोर वेगळा आणि भोकं विखुरलेली.

श्वास घ्या, सोडा, अर्ध्यावर थांबवा, आणि पाच ते आठ सेकंदांत चाप सरळ मागे. आठ सेकंदांत सुटली नाही तर एअरगन खाली, पुन्हा श्वास. ताणून ठेवलेला श्वास डोळ्याला धूसर करतो. छर्रा सुटल्यावरही एक-दोन सेकंद तसंच राहायचं. नजर माशीवर असावी, कागद किंचित धूसर दिसला तरी चालेल.

एका बैठकीत चाळीस छर्रे पुरे. दहा-दहाचे चार कागद, प्रत्येकावर तारीख आणि छर्‍याचं माप. साइटला हात लावण्याआधी दहा भोकं बघायची, एका भोकावरून स्क्रू फिरवायचा नाही. दहाही भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जाऊ लागली की टेकून मारण्याचा टप्पा झाला, आता उभं राहायला शिका.

भोकांची रांग उभी पडत असेल तर श्वास किंवा गालाची जागा तपासा. आडवी पडत असेल तर बोट चापाला बाजूला ढकलतंय. काल छान होतं आणि आज सगळीकडे विखुरलंय असं झालं तर स्वतःला दोष देण्याआधी दस्त्याचे स्क्रू बघा. स्प्रिंगच्या धक्क्यानं ते शे-दोनशे फैरींत ढिले होतात. स्क्रूच्या खाचेत नीट बसणारा पेचकस घ्या, आणि ढिला निघालाच तर आधी तेच कारण समजा. स्क्रू पक्के असूनही भोकं विखुरली तर नळी साफ करायची. पातळ दोऱ्याला कापडाची चिंधी बांधून मागून पुढे ओढा, काळी येणं थांबेपर्यंत. पितळेचा ब्रश नको, आणि पुढच्या तोंडातून गज तर मुळीच नको. नळीचं पुढचं तोंड घासलं गेलं की ती एअरगन पुन्हा कधी नेमकी चालत नाही.

काम झालं की एअरगन रिकामी असल्याची खात्री करून लोखंडी कपाटात, कुलपात. छर्रे दुसऱ्या कपाटात, किल्ली दुसरीकडे. घडवंचीवर, खुंटीला किंवा दाराआड टेकवून नाही. लग्नाच्या वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत ती बाहेर काढायची नाही. रस्त्यावर न्यायची तर बंद पिशवीत, रिकामी, सोबत पावती आणि ओळखपत्र.

उभं राहून चाळीस छर्‍यांचे गुण चार आठवडे सारखे पडू लागले की जिल्ह्याच्या रायफल असोसिएशनशी बोला. तिथली रेंज, प्रशिक्षक आणि चांगल्या रायफली यांचा उपयोग तेव्हाच होतो. स्पर्धेत ६० छर्‍यांना ७५ मिनिटं मिळतात, एका छर्‍याला जास्तीत जास्त १०.९ गुण. घरच्या पेटीसमोर तेवढाच वेळ लावून एकदा पूर्ण साठ छर्रे मारून बघा. चाळीसनंतर खांदा उतरायला लागतो, आणि शेवटच्या वीस भोकांत तो स्पष्ट दिसतो.